तबकड्यांच्या संचासाठी संग्राह्य पेटी: मापापासून ठशापर्यंत

एलपी तबकड्यांच्या संचासाठी पेटी करून घ्यायला येणारा प्रकाशक बहुधा टोपणाचे चित्र हातात घेऊनच येतो. सोनेरी अक्षरे कुठे बसतील, कापड कोणत्या रंगाचे असेल, हे सगळे त्याच्या मनात पक्के असते. आत तबकड्या तीन की चार, पुस्तिका साध्या बांधणीची की पुठ्ठा बांधणीची, हे मात्र अजून ठरायचे असते. या क्रमाने काम सुरू झाले की पेटी एकतर सैल होते किंवा बंद होत नाही. म्हणून पहिला नियम असा की पेटी आतून बाहेर आखावी: आधी तबकडी, मग तिचे आतले पाकीट, मग कव्हर, मग पुस्तिका, आणि हे सगळे प्रत्यक्ष एकावर एक रचून मोजल्यावरच पेटी.

पुढील विवेचनासाठी एक काल्पनिक, पण रोजच्या कामातला नमुना घेतो. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकड्यांवरील मराठी नाट्यपदे चार एलपींवर पुन्हा छापायची आहेत, सोबत एक सचित्र पुस्तक आणि काही जुन्या कागदांच्या प्रतिकृती द्यायच्या आहेत, आणि एकूण ५०० संच काढायचे आहेत. ही संख्या महत्त्वाची आहे, कारण ५०० पेट्या हाताने बांधून घेणे शक्य असते, तर ५,००० पेट्यांसाठी जवळजवळ प्रत्येक निर्णय बदलतो.

आत काय जाणार

दहा इंची ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन ते सव्वातीन मिनिटांचे गाणे मावत असे. बारा इंची एलपीच्या एका बाजूवर, आवाजाची पातळी न घटवता, अठरा ते बावीस मिनिटे सुखाने बसतात. म्हणजे बाजूला सहा पदे, एलपीला बारा आणि चार एलपींना ४८. मूळ तबकडीच्या दोन्ही बाजूंना एकेक पद धरले, तर हा २४ जुन्या तबकड्यांचा ऐवज झाला. हे गणित पेटी करणाऱ्याने स्वतः करून पाहावे, कारण ‘अजून चार पदे घालू या’ असे संपादकाने छपाईच्या तोंडावर म्हटले की पाचवी तबकडी येते आणि पेटीची खोली बदलते.

हक्कांचा प्रश्न वकिलाचा असला तरी मांडणी करणाऱ्याला त्याची ओळख हवी. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. १९६० मध्ये प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रणाची मुदत २०२० अखेर संपली. शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा असून तो रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षे राहतो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे निधन १९४८ मध्ये झाले, त्यामुळे त्यांच्या पदांच्या शब्दांची मुदत २००८ अखेर संपली. पण त्याच संचात नंतरच्या कवीचे एखादे पद असेल तर त्याच्या वारसांची परवानगी लागते. छायाचित्रे आणि जुन्या कंपन्यांची बोधचिन्हे यांचा हिशोब स्वतंत्र करावा. ध्वनिमुद्रणाच्या हक्काची मुदत संपली म्हणून तबकडीवरच्या लेबलाचे बोधचिन्ह मोठे करून टोपणावर छापता येते, असा गैरसमज फार पसरलेला आहे.

मापे

बारा इंची तबकडीचा व्यास ३०० ते ३०२ मिलिमीटर असतो. तिच्या कव्हरचे बाहेरचे माप साधारण ३१५ मिलिमीटर चौरस धरतात, पण छापखान्यागणिक त्यात एखाददुसरा मिलिमीटर इकडेतिकडे होतो. म्हणून संकेतस्थळावरून उतरवलेल्या मापावर विसंबू नये. ज्या छापखान्यात कव्हर होणार आहे, तिथून कोरे कव्हर मागवून त्यात खरी तबकडी घालून मोजावे. रिकामे कव्हर आणि भरलेले कव्हर यांत फरक पडतो, कारण तबकडी आत गेली की कव्हर मध्ये फुगते आणि कडेला किंचित आत ओढले जाते.

जाडीचा हिशोब असा मांडावा. १८० ग्रॅमची तबकडी, तिचे आतले पाकीट आणि ३५० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३५० ग्रॅम वजनाच्या) कागदाचे एकेरी कव्हर मिळून साधारण चार मिलिमीटर होतात, चारांचे सोळा. पुस्तक ६४ पृष्ठांचे, दीडशे जीएसएमच्या आर्ट पेपरवर आणि पुठ्ठा बांधणीचे केले तर सुमारे दहा मिलिमीटर. प्रतिकृतींचा लिफाफा दोन मिलिमीटर. बेरीज अठ्ठावीस झाली. तीत तीन मिलिमीटर मोकळीक मिळवून पेटीची आतील खोली ३१ मिलिमीटर धरावी. लांबी-रुंदीत कव्हरपेक्षा चार मिलिमीटर जास्त द्यावे, म्हणजे आतले माप ३१९ मिलिमीटर चौरस होते. अडीच मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा आणि वरचे आवरण धरून तळपेटीचे बाहेरचे माप सव्वातीनशेच्या घरात, नेमके सांगायचे तर ३२४.५ मिलिमीटर, जाते. टोपणाचे आतले माप यापेक्षा दीड ते दोन मिलिमीटर मोठे ठेवावे.

पुस्तक मात्र ३१५ मिलिमीटरचे करू नये. ३०० मिलिमीटर चौरस पुस्तक पेटीत चांगले बसते आणि इतक्या मोठ्या पानाचे एका तावाच्या एका बाजूस चारच पृष्ठे बसत असल्याने दोन्ही बाजू मिळून आठ पृष्ठांचा फर्मा, म्हणजे एका तावाचा दुमडलेला गठ्ठा, मिळतो. ६४ पृष्ठे म्हणजे बरोबर आठ फर्मे. पुस्तकाभोवती उरणारी मोकळी जागा भरण्यासाठी तळाशी एक उथळ चौकट चिकटवावी, नाहीतर वाहतुकीत पुस्तक सरकते आणि त्याचे पुठ्ठ्याचे कोपरे शेजारच्या कव्हरवर ओरखडे काढतात.

वजनही आधीच काढून ठेवावे. चार तबकड्यांचे ७२० ग्रॅम, कव्हरांचे तीनशे, पाकिटांचे सव्वाशे, पुस्तकाचे सातशे आणि पेटीचे साडेपाचशेच्या आसपास. म्हणजे संच जवळजवळ अडीच किलोचा होतो. हा आकडा कुरियरच्या दरासाठी लागतोच, पण त्याहून जास्त पेटीच्या तळासाठी लागतो. संग्राहक संच आडवा ठेवत नाही, तो कपाटात उभा ठेवतो, आणि मग अडीच किलोंचा सगळा भार पेटीच्या एका अरुंद भिंतीवर येतो. त्या भिंतीच्या दोन्ही कोपऱ्यांना आतून कापडाची पट्टी लावून घेतलेली असावी.

पेटीचा प्रकार

प्रामुख्याने तीन प्रकार आहेत. पहिला सरकपेटीचा, ज्यात एक बाजू उघडी असते आणि कव्हरे पुस्तकासारखी आत सरकवतात. हा स्वस्त आणि कपाटात सोयीचा, पण उघड्या बाजूने धूळ आत जाते. दुसरा वेगळ्या टोपणाचा, मिठाईच्या खोक्यासारखा. तिसरा बिजागरीचा, म्हणजे कापडाच्या सांध्यावर पुस्तकासारखी उघडणारी पेटी. जॉर्ज हॅरिसन यांच्या १९७० सालच्या तीन तबकड्यांच्या संचाला अशीच बिजागरीची पेटी होती, आणि तिच्या जुन्या प्रती हाताळलेल्या कोणालाही ठाऊक असते की पेटी सर्वांत आधी सांध्यावर फाटते. ५०० प्रतींच्या कामात, चांगला बाइंडर हाताशी असेल तर, माझा कल टोपणाच्या पेटीकडे असतो. त्यात सांधा नाही, म्हणून फाटायलाही काही नाही. आणि टोपण खराब झाले तर ते एकटेच बदलता येते.

टोपणाच्या पेटीची खरी कसोटी मोकळीक ही आहे. काही वर्षांपूर्वी मी मे महिन्यात एका संचाची पेटी केली होती. टोपण आणि तळ यांत जेमतेम एक मिलिमीटर अंतर ठेवले होते आणि टोपण सोडले की ते हवेच्या उशीवर बसल्यासारखे सावकाश खाली येत असे. ते पाहून सगळेच खूश झाले. जुलैत रत्नागिरीहून एका ग्राहकाचा निरोप आला की पेटी उघडत नाही. पावसाळ्यातल्या दमट हवेत पुठ्ठ्याने ओल धरली होती, भिंती फुगल्या होत्या आणि टोपण आवळून बसले होते. त्याने ते सुरीने उघडले, तेव्हा कापडाची कड सुटली. चूक पूर्णपणे माझी होती: नमुना तपासला तो उन्हाळ्यात, कोरड्या खोलीत. तेव्हापासून कोणताही नमुना मी दोन दिवस बाथरूममध्ये गरम पाण्याच्या बादलीशेजारी ठेवतो आणि मगच मोकळीक नक्की करतो. टोपणाच्या दोन समोरासमोरच्या कडांना अंगठ्यासाठी अर्धवर्तुळाकार खाच ठेवली तर उघडणे सोपे होते आणि आत कोंडलेली हवाही बाहेर पडते.

चुंबकाची कळ लावण्याची हल्ली फार हौस आहे. एलपीतला ध्वनी खाचेत कोरलेला असल्याने चुंबकामुळे त्याला काही होत नाही, मात्र संचात कॅसेट घालायची असेल तर चुंबक नकोच. शिवाय समुद्रकाठच्या गावांत चुंबकाला गंज चढतो आणि त्याचा तांबूस डाग वरच्या कागदावर उमटतो.

पुठ्ठा, कापड, खळ

भिंतींसाठी अडीच मिलिमीटरचा करडा पुठ्ठा पुरेसा असतो. दोन मिलिमीटरचा या वजनाला कमी पडतो आणि तीनचा घेतला की पेटी ओबडधोबड दिसते. पुठ्ठ्यातील तंतूंची दिशा तोडायच्या आधी पाहून घ्यावी. पुठ्ठा दोन्ही दिशांनी हलके वाकवून पाहिला की ज्या दिशेने तो सहज वाकतो, त्या वाकाच्या रेषेला समांतर तंतू असतात. टोपणाचा वरचा भाग आणि त्यावर चढणारे आवरण यांचे तंतू एकाच दिशेने ठेवावेत, अन्यथा आवरण वाळताना टोपण पापडासारखे वाकते. बाहेरून कागद चढवला की पुठ्ठा बाहेरच्या बाजूला खेचला जातोच. त्याला आतून तेवढ्याच ताणाचे अस्तर लावणे हा त्यावरचा उपाय आहे. अस्तर केवळ शोभेसाठी असते, असे समजून खर्च कमी करताना पहिली काट त्यालाच लावणारे लोक पुढे वाकलेल्या टोपणांच्या तक्रारी घेऊन परत येतात.

आवरणासाठी बांधणीचे कापड घेताना पाठीमागे कागद चिकटवलेले घ्यावे, म्हणजे खळ कापडातून पाझरून वर डाग पडत नाही. आपल्याकडच्या जुन्या बाइंडरांची सवय मैद्याची खळ शिजवण्याची आणि कसर लागू नये म्हणून तीत मोरचूद टाकण्याची आहे. साध्या वहीला ते चालते. जपून ठेवण्याच्या वस्तूला मात्र ते चालत नाही, कारण मोरचुदाने कागद कालांतराने पिवळा आणि ठिसूळ होतो. आम्लरहित पांढरा गोंद वापरावा आणि कसरीची चिंता असली तरी पेटीत डांबराच्या गोळ्या कधीही घालू नयेत. त्यांची वाफ बंद पेटीत कोंडते आणि प्लास्टिकच्या संपर्कात राहते. कसरीचा उपाय कोरडेपणा हाच आहे.

तबकडीला स्पर्श करणाऱ्या कागदाबाबत तडजोड नको. नुसत्या कागदाच्या पाकिटात तबकडी शेकडो वेळा आतबाहेर गेली की बारीक ओरखडे उठतात. त्याहून वाईट म्हणजे मऊ पीव्हीसीची पारदर्शक पाकिटे: त्यांतील मऊपणा आणणारे रसायन उन्हाळ्याच्या उष्णतेत तबकडीवर उतरते आणि पृष्ठभागावर धुरकट थर दिसू लागतो, जो धुऊनही जात नाही. आतून पॉलिथिनचे अस्तर असलेली कागदी पाकिटे, किंवा एचडीपीई प्लास्टिकची पातळ पाकिटे, हाच सुरक्षित मार्ग आहे.

देवनागरी आणि सोनेरी ठसा

मराठी संचाच्या टोपणावर अक्षरे देवनागरी असतात, आणि इथे परदेशी पुस्तिकांतला सल्ला फारसा कामाला येत नाही. फॉइलचा ठसा कापडावर दाबला की कापडाच्या विणीमुळे कडा किंचित फाटतात. रोमन अक्षराला त्याचा उपद्रव कमी. देवनागरीत मात्र शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार यांची दाटी असते. ‘संगीत’ हा शब्द घ्या. लहान आकारात त्यातील अनुस्वाराचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटर उरतो आणि कापडावर तो एकतर उमटतच नाही किंवा काही दिवसांत खरवडला जातो. मग टोपणावर राहते ‘सगीत’. ‘नाट्य’ मधील ‘ट्य’ उठावदार छाप्यात भरून जातो आणि नुसता गोळा दिसतो. म्हणून कापडावर फॉइल मारायची अक्षरे ठळक वजनाची आणि मोकळ्या पोटाची घ्यावीत, ठिपके हाताने एक चतुर्थांश तरी मोठे करावेत आणि कोणतीही रेघ ०.४ मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नये. ५०० छाप्यांना मॅग्नेशियमचा ठसा पुरतो; पुढेमागे दुसरी आवृत्ती निघणार असेल तर पितळेचा करून घ्यावा.

फॉन्टबाबत आणखी एक सावधगिरी. अनेक देवनागरी फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदी वळणाची रूपे आपोआप येतात. मराठी वळणाची रूपे फॉन्टात असतात, पण मजकुराची भाषा मराठी अशी निवडल्याशिवाय ती दिसत नाहीत. टोपणावर ‘बालगंधर्व’ हे नाव दोन इंची अक्षरांत छापून त्यातला ‘ल’ हिंदी वळणाचा निघाला तर सामान्य गिऱ्हाईकाला कदाचित कळणार नाही. पण असा संच विकत घेणारा माणूस सामान्य गिऱ्हाईक नसतो. छापखान्याला फाइल देताना सगळी अक्षरे रेखाकृतीत रूपांतरित करून द्यावीत. तिथल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड मजकूर उघडला की पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते, आणि ठसा तयार झाल्यावर ती दुरुस्त होत नाही.

कण्यावरचा मजकूर विसरू नये. टोपणाच्या पेटीला पुस्तकासारखा कणा नसतो, पण कपाटात संच उभा ठेवल्यावर जी एक कड दिसते, तिच्यावर नाव हवेच. ती कड टोपणाची असते, त्यामुळे टोपण उलटे बसवले तर नाव तळाशी जाते. यासाठी तळपेटीच्या आणि टोपणाच्या एकाच कोपऱ्यात, आतल्या बाजूस, एकेक बारीक ठिपका छापून ठेवण्याची युक्ती मी वापरतो.

टोपणावर काय काढावे, याविषयी मत विचाराल तर गायक-नटाचे गुलाबी रंगवलेले छायाचित्र नको. ७८ फेऱ्यांच्या काळात अनेक तबकड्यांचे संच मुळात जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकात, कागदी पाकिटांच्या पानांत घालून विकले जात. छायाचित्रांच्या वहीसारखे दिसत म्हणून त्यांना ‘अल्बम’ म्हणू लागले. त्यांची बाहेरची बाजू करड्या किंवा तपकिरी कागदाची, फक्त नाव छापलेली असे. १९४० च्या सुमारास अमेरिकेत कोलंबिया कंपनीच्या अॅलेक्स स्टाइनवाइस यांनी त्यांवर चित्रे काढायला सुरुवात केली आणि कव्हर ही विक्रीची वस्तू झाली. जुन्या ध्वनिमुद्रणांच्या आजच्या संचाला त्या साध्या पुठ्ठ्याच्या अल्बमचा बाज शोभून दिसतो: एका रंगाचे कापड, मध्ये खोलगट दाबलेला चौकोन आणि त्यात चिकटवलेली छापील पट्टी. खोलगट भागात पट्टी बसवल्यामुळे कपाटात घासून तिची कड उचलली जात नाही.

पुस्तक आणि प्रतिकृती

संग्राहकाला पुस्तकात सर्वांत आधी हवी असते ती माहिती, कौतुक नव्हे. प्रत्येक पदाला एक पृष्ठ दिले तर ४८ पृष्ठे जातात आणि प्रस्तावना, छायाचित्रे, ऋणनिर्देश यांना सोळा उरतात. पदाच्या पृष्ठावर पूर्ण शब्द, राग-ताल, नाटक, मूळ तबकडीचा क्रमांक, तबकडीवर खाचा संपल्यानंतरच्या कोऱ्या पट्ट्यात कोरलेला साचाक्रमांक आणि लेबलाचे छायाचित्र असावे. यात एका गोष्टीची भर घालावी, ती म्हणजे गायकाची पट्टी, म्हणजे तो ज्या सुरात गातो तो हार्मोनियमवरचा सूर. जुन्या तबकड्यांवर ७८ लिहिलेले असले तरी ध्वनिमुद्रण प्रत्यक्षात थोड्या कमी-जास्त वेगाने झालेले असे, आणि साडेचार-पाच फेऱ्यांचा फरक पडला की काळी एकचा गायक पांढरी दोनवर गेलेला ऐकू येतो. पुनर्मुद्रण करताना कोणती पट्टी धरली, हे छापून टाकले म्हणजे जाणकार श्रोत्याला ते तपासता येते.

प्रतिकृतींत मोह आवरावा. नाटकाचे हस्तपत्रक, तिकीट आणि कंपनीच्या यादीचे एखादे पान एवढे पुरे. त्या मूळ मापात आणि मूळ जाडीच्या कागदावर छापाव्यात. चकचकीत आर्ट पेपरवर छापलेले १९२० सालचे तिकीट पाहून हसू येते. प्रतिकृतीवर ती प्रतिकृती असल्याचे कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेले असावे, कारण वीस वर्षांनी ती संचाबाहेर पडून जुन्या बाजारात अस्सल म्हणून विकली जाऊ शकते.

या बाबतीत अभ्यासण्याजोगा एक संच असा आहे, ज्याचा आपल्याशी थेट संबंध आहे. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी अवकाशात गेली, तिच्यावर ५५ भाषांतील शुभेच्छांत मराठी आहे आणि २७ संगीतरचनांत गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. या तबकडीचा तीन एलपींचा संच २०१७ मध्ये निघाला आणि त्याच्या मांडणीला २०१८ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. कापडी पेटी, सोनेरी फॉइल, सोनेरी छटेच्या पारदर्शक तबकड्या, ९६ पृष्ठांचे पुठ्ठा बांधणीचे पुस्तक आणि एक स्वतंत्र छापील चित्र, एवढाच त्याचा ऐवज. त्यातले सोने श्रीमंती दाखवण्यासाठी नाही, ते मूळ वस्तूतून आलेले आहे. मूळ तबकडीचे अॅल्युमिनियमचे आवरण तर पेटी करणाऱ्या प्रत्येकाने डोळ्यांसमोर ठेवावे असे आहे. सुई सोबत दिलेली, आणि भाषा न जाणणाऱ्याला ती कुठे टेकवायची, तबकडी किती वेगाने फिरवायची म्हणजे एक फेरा ३.६ सेकंदांत होईल, हे सारे आवरणावरच्या रेखाकृतींत सांगितलेले. आपल्या संचात एवढे तरी असावे की कोणती तबकडी कोणत्या कव्हरची आणि कोणती बाजू आधी ऐकायची, हे पेटी उघडल्या उघडल्या कळेल.

डमी आणि हाताळणी

छपाईचा एकही ताव काढण्याआधी कोऱ्या साहित्याची पूर्ण वजनाची डमी बांधून घ्यावी, आणि ती अशा माणसाच्या हातात द्यावी ज्याने आराखडा पाहिलेला नाही. त्याला पहिली तबकडी काढून वाजवायला आणि परत ठेवायला सांगावे, मध्ये काहीही बोलू नये. तो पेटी उलटी करून झटकू लागला, तर आराखडा चुकला. पब्लिक इमेज लिमिटेड या ब्रिटिश बँडने १९७९ मध्ये तीन तबकड्या फिल्मच्या रिळाच्या गोल पत्र्याच्या डब्यात, मध्ये नुसते गोल कागद घालून विकल्या. डबा आजही प्रसिद्ध आहे. पण तबकड्या त्यात इतक्या घट्ट बसत की काढतानाच त्यांवर चरे पडत. त्या बँडला कदाचित ते चालण्यासारखे होते. ज्या तबकडीवर आधीच शंभर वर्षांपूर्वीची खरखर उतरलेली आहे, तिच्यावर नव्या चऱ्यांची भर घालणे मात्र परवडत नाही.

उपाय साधा आहे. पेटीच्या तळाशी दोन बोटे रुंद सुती फीत आडवी चिकटवावी आणि तिचे मोकळे टोक कव्हरांखालून वर आणून सोडावे. टोक ओढले की कव्हरे आपोआप वर उचलली जातात. साटिनची फीत छान दिसते, पण तिचे टोक उसवते आणि सुती फितीइतका भार ती पेलत नाही. फीत तळाला नुसती चिकटवू नये, पुठ्ठ्यात चीर पाडून खालून ओढून घ्यावी आणि वरून अस्तर चढवावे.

प्रतींना क्रमांक द्यायचे असतील तर ते हाताने, पुस्तकाच्या शेवटच्या पानावर, रंग न उतरणाऱ्या शाईने लिहावेत. टोपणावर लिहू नयेत, कारण टोपण बदलावे लागले तर क्रमांकही त्याच्यासोबत जातो.

रवानगी

पेटीवर आवळणारे प्लास्टिक चढवण्याचा आग्रह छापखाने धरतात. ते फार घट्ट बसले आणि पार्सल उन्हात राहिले तर प्लास्टिक आणखी आक्रसते, टोपण दाबले जाते आणि आतल्या तबकड्या वाकतात. साठ अंशांच्या आसपास एलपीचे प्लास्टिक नरम पडू लागते आणि मे महिन्यात बंद टेम्पोत तेवढी उष्णता सहज होते. सैल पॉलिथिनची पिशवी पुरेशी आहे. बाहेरचा खोका पाच पदरी कोरुगेटेड असावा आणि पेटीच्या सर्व बाजूंनी किमान दोन बोटे जागा कागदी भरावाने भरलेली असावी. भरलेले एक पार्सल कमरेइतक्या उंचीवरून एका कोपऱ्यावर, तीन कडांवर आणि सहाही पृष्ठांवर टाकून पाहावे आणि उघडून कोपरे तपासावेत.

शेवटी, ५०० संचांसाठी तळपेट्या ५१० आणि टोपणे ५३० बांधून घ्यावीत. तक्रारी आल्या तर त्यातल्या बहुतेक टोपणाचा कोपरा चेपल्याच्या असतात, आणि अडीच किलोंचा संच परत मागवण्यापेक्षा एक टोपण पाठवणे कितीतरी स्वस्त पडते. ही जादा टोपणे त्याच कापडाच्या त्याच गठ्ठ्यातून, त्याच दिवशी बांधलेली असावीत. सहा महिन्यांनी मागवलेल्या कापडाचा रंग जुळत नाही, दुकानदार कितीही छातीठोकपणे सांगत असला तरी.